ड्रममागचे आसन : फू फायटर्स या बँडची तीस वर्षे

#इतिहासधागा

१/
रॉक बँडमधील ड्रमवादक ज्या बैठकीवर बसतो, तिला त्या व्यवसायात ‘थ्रोन’ म्हणजे सिंहासन म्हणतात. नाव भारदस्त असले, तरी रंगमंचावर हे आसन सर्वांत मागे असते आणि बँडमध्ये काही बिनसले, की बहुधा तेच आधी रिकामे होते. फू फायटर्स या अमेरिकी बँडचा तीस वर्षांचा इतिहास या एका आसनाभोवती वाचता येतो. त्यावर कोण बसले, कोणाला उठावे लागले, मृत्यूने ते केव्हा रिकामे केले आणि ते पुन्हा भरण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, हा या धाग्याचा विषय.

२/
आरंभ सिएटलपासून करावा लागतो. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील या पावसाळी बंदर-शहरात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पंकचा उद्दामपणा आणि हेवी मेटलचा जडपणा एकत्र आला. खरखरीत गिटार, संथ लय अचानक फुटून वर येणारा आक्रोश, आणि पोशाखात दिखाऊपणाचा पूर्ण अभाव. या शैलीला ‘ग्रंज’ हे नाव पडले. सब पॉप नावाच्या छोट्या स्थानिक कंपनीने या बँडांची ध्वनिमुद्रणे प्रथम बाहेर आणली. त्याच कंपनीने १९८९ मध्ये निर्वाणा या बँडचा ‘ब्लीच’ हा पहिला अल्बम काढला. त्यावर बहुतेक गाण्यांत ड्रम वाजवले होते चॅड चॅनिंग यांनी. हे नाव लक्षात ठेवावे.

३/
देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हर्जिनिया राज्यात, डेव्ह ग्रोल नावाचा मुलगा वाढत होता. जन्म १४ जानेवारी १९६९. आई व्हर्जिनिया शाळेत शिक्षिका. सतराव्या वर्षी या मुलाने शाळा सोडून वॉशिंग्टन परिसरातील ‘स्क्रीम’ या हार्डकोर पंक बँडमध्ये जायचे ठरवले, तेव्हा शिक्षिका असलेल्या आईने त्याला अडवले नाही. स्क्रीममध्ये फ्रान्झ स्टाल हे गिटारवादक होते. लहानशा गाडीतून गावोगाव फिरणे, मिळेल तिथे झोपणे, हीच त्या तरुणांची संगीतशाळा. १९९० मध्ये दौरा चालू असतानाच स्क्रीम मोडला आणि ग्रोल लॉस एंजेलिसमध्ये अडकून पडले.

४/
त्याच सुमारास निर्वाणातील ड्रमचे आसन रिकामे झाले होते. एप्रिल १९९० मध्ये या बँडने विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे निर्माता बुच व्हिग यांच्याकडे नव्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले होते आणि त्यात ड्रमवर चॅनिंगच होते. काही आठवड्यांतच कर्ट कोबेन व क्रिस्ट नोव्होसेलिच यांच्याशी त्यांचे पटेनासे झाले आणि ते बाहेर पडले. मेल्व्हिन्स या बँडच्या बझ ऑसबोर्न यांनी ग्रोल यांची गाठ घालून दिली. सप्टेंबर १९९० मध्ये ग्रोल निर्वाणात आले. म्हणजे ज्यांच्या बँडमधून पुढे तीन ड्रमवादक गेले, ते स्वतः दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर बसूनच प्रकाशात आले.

५/
२४ सप्टेंबर १९९१ रोजी ‘नेव्हरमाइंड’ प्रसिद्ध झाला. जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सन यांच्या ‘डेंजरस’ला मागे सारून बिलबोर्डच्या यादीत पहिले स्थान मिळवले. ड्रम ग्रोल यांचे होते. पण ‘पॉली’ या गाण्यासाठी मॅडिसनचेच जुने ध्वनिमुद्रण वापरले गेले. त्यातील झांजेचे मोजके आघात चॅनिंग यांचे. मूळ अल्बमच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. शिवाय ‘इन ब्लूम’सारख्या गाण्यांत ग्रोल यांनी जे ठेके अफाट ताकदीने वाजवले, त्यांचा आराखडा चॅनिंग यांनी आधीच बांधून ठेवला होता. कोट्यवधी लोकांनी एका वादकाची कल्पना दुसऱ्याच्या हातून ऐकली.

६/
निर्वाणात गाणी लिहीत ते कोबेन. ग्रोलही लिहीत, पण गुपचूप. वॉशिंग्टनचे त्यांचे मित्र बॅरेट जोन्स यांच्या घरगुती स्टुडिओत ते एकेक वाद्य स्वतः वाजवून, वर स्वतःच गाऊन फिती भरत. १९९२ मध्ये ‘लेट!’ या टोपणनावाने त्यातील काही गाण्यांची ‘पॉकेटवॉच’ ही कॅसेटही निघाली. त्यावर नाव ठळक नव्हते, तशी गरजही त्यांना वाटली नसावी. कोबेन यांच्यासारखा गीतकार समोर असताना ड्रमवादकाने आपली वही उघडणे सोपे नव्हते. तरीही १९९३ मध्ये ‘मॅरिगोल्ड’ हे ग्रोल यांचे एक गाणे निर्वाणाच्या एका सिंगलच्या मागच्या बाजूला आले. बँडच्या हयातीत त्यांच्या वाट्याला एवढीच जागा आली.

७/
जानेवारी १९९४ च्या अखेरीस निर्वाणाने सिएटलजवळच्या रॉबर्ट लँग स्टुडिओत तीन दिवसांचे सत्र केले. ते त्यांचे शेवटचे स्टुडिओ-ध्वनिमुद्रण ठरले. ५ एप्रिल १९९४ रोजी कर्ट कोबेन यांनी सत्ताविसाव्या वर्षी आयुष्य संपवले. त्यानंतर ग्रोल यांना रेडिओवर संगीत ऐकणेही नकोसे झाले. ते आयर्लंडच्या एका निर्जन भागात निघून गेले. तिथे रस्त्यावर गाडीसाठी हात दाखवणारा एक तरुण दिसला आणि त्याच्या अंगावरील शर्टावर कोबेन यांचा चेहरा होता, असा प्रसंग ग्रोल यांनी पुढे सांगितला आहे. पळून जाण्याला अर्थ नाही, हे आपल्याला तिथे उमगले, असे ते म्हणतात.

८/
ऑक्टोबर १९९४ मध्ये ते बॅरेट जोन्स यांना घेऊन त्याच रॉबर्ट लँग स्टुडिओत परतले. जेमतेम एका आठवड्यात त्यांनी पूर्ण अल्बम भरला. आधी ड्रम, मग गिटार, मग बास, शेवटी आवाज, असे खोलीतल्या खोलीत धावत त्यांनी सगळे एकट्याने केले. अपवाद एकाच गाण्यातील गिटारचा. ती अफगान विग्ज या बँडच्या ग्रेग डली यांनी वाजवली. शंभर कॅसेट काढून मित्रांत वाटल्या गेल्या. हा उपक्रम एका माणसाचा आहे हे लपावे, म्हणून अनेकवचनी नाव निवडले गेले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना आकाशात दिसणाऱ्या अनोळखी प्रकाशगोलांना ‘फू फायटर्स’ म्हणत, तेच हे नाव.

९/
कॅसेट कंपन्यांपर्यंत पोहोचत असतानाच दुसरे दार उघडले. टॉम पेटी अँड द हार्टब्रेकर्स या नामवंत बँडला ड्रमवादक हवा होता. नोव्हेंबर १९९४ मध्ये ग्रोल यांनी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात त्यांच्यासोबत वाजवले आणि तिथे कायमचे स्थान मिळण्याची शक्यता निर्माण झाली. पंचविशीतील वादकासाठी ही नोकरी मानाची आणि निर्धोक होती. त्यांनी ती नाकारली. ड्रममागे बसून राहायचे की पुढे येऊन गायचे, हा प्रश्न होता. गळा कमकुवत आहे, लोक कोबेन यांच्याशी तुलना करतील, हे ठाऊक असूनही ते पुढे आले. त्यामुळे त्यांनी सोडलेले आसन आता इतर कोणीतरी भरणे भाग होते.

१०/
अल्बम तयार होता, बँड मात्र नव्हता. योगायोगाने सिएटलमधील सनी डे रिअल इस्टेट हा गुणी बँड तेव्हाच विसकटत होता. त्याचे बासवादक नेट मेंडेल आणि ड्रमवादक विल्यम गोल्डस्मिथ या दोघांना ग्रोल यांनी बोलावले. गिटारसाठी पॅट स्मिअर आले. लॉस एंजेलिसच्या जर्म्स या आद्य पंक बँडमधील हे ज्येष्ठ वादक निर्वाणाच्या शेवटच्या दौऱ्यांतही सोबत होते. पहिला अल्बम ४ जुलै १९९५ रोजी ग्रोल यांच्या स्वतःच्या ‘रोझवेल रेकॉर्ड्स’ या नाममुद्रेखाली, कॅपिटल कंपनीमार्फत प्रसिद्ध झाला. छायाचित्रात चौघे होते. ध्वनिमुद्रणात मात्र एक. ही विषमता पुढील अनेक घटनांचे मूळ आहे.

११/
याच काळात ‘पोस्ट-ग्रंज’ हा शब्द रूढ होऊ लागला. ग्रंजचा खरखरीत ध्वनी ठेवून त्याला रेडिओला मानवेल असे गोळीबंद, गुणगुणता येण्याजोगे रूप देणारे बँड, असा त्याचा अर्थ. लंडनचा बुश, जॉर्जियाचा कलेक्टिव्ह सोल, पुढे फ्लोरिडाचा क्रीड आणि कॅनडाचा निकेलबॅक ही त्यातली ठळक नावे. समीक्षकांच्या तोंडी हा शब्द बहुधा हिणवण्यासाठी येई. मूळ वेदना गेली आणि साचा उरला, असा त्यात आरोप असे. फू फायटर्सही याच यादीत घातले गेले. फरक एवढाच, की इतरांनी सिएटलचा आवाज दुरून ऐकला होता आणि या बँडचा नायक त्या आवाजाच्या जन्मखोलीतून आला होता.

१२/
दुसऱ्या अल्बमसाठी निर्माते म्हणून गिल नॉर्टन आले. पिक्सीज या बँडसोबतच्या कामामुळे त्यांचा दबदबा होता आणि काटेकोरपणाबद्दल ख्यातीही. १९९६ च्या अखेरीस वॉशिंग्टन राज्यातील वुडिनव्हिल येथील बेअर क्रीक स्टुडिओत काम सुरू झाले. ग्रोल यांचा पहिला विवाह त्याच सुमारास मोडत होता आणि गाण्यांतून तो पडझडीचा काळ उतरत होता. गोल्डस्मिथ यांच्यावर मात्र प्रचंड दडपण आले. ज्याचे ड्रम साऱ्या पिढीने ऐकले, तोच गायक म्हणून समोर उभा. प्रत्येक ठेक्याला त्याच्याच हाताचे माप. एकेक गाणे पुनःपुन्हा वाजवूनही ते माप पुरे पडेना.

१३/
सुट्टीनंतर ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसला हलले. तिथे ग्रोल यांनी एका गाण्याचे ड्रम स्वतः वाजवून पाहिले, मग दुसऱ्याचे, आणि पाहता पाहता जवळजवळ संपूर्ण अल्बमचे. हे चालू असताना गोल्डस्मिथ यांना विश्वासात घेतले गेले नव्हते. सत्य कळल्यावरही, दौऱ्यात तूच वाजव, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे होता. त्यांनी तो नाकारला आणि बँड सोडला. आपल्या हाताने घडलेले काम पुसले जाऊन त्या जागी आलेले दुसऱ्याचे काम रोज रात्री रंगमंचावर गिरवायचे, हे त्यांच्या स्वाभिमानाला मानवणारे नव्हते. ‘द कलर अँड द शेप’ २० मे १९९७ रोजी प्रसिद्ध झाला.

१४/
इथे इतिहासाभ्यासकापुढे अवघड प्रश्न उभा राहतो. तो अल्बम उत्तम आहे. ‘एव्हरलाँग’ आणि ‘माय हिरो’ ही गाणी आजही बँडची ओळख आहेत आणि त्यांतील ड्रमवादन हे ग्रोल यांच्या सर्वोत्तम कामांपैकी एक मानले जाते. म्हणजे कलेच्या निकषावर निर्णय फळाला आला. परंतु सहकाऱ्याशी वागण्याच्या निकषावर? एका बाजूला, गाणी ग्रोल यांची, नाममुद्रा त्यांची, जोखीमही त्यांचीच. दुसऱ्या बाजूला, चौघांचा म्हणून जो बँड जगापुढे मांडला, त्यातील एकाला अंधारात ठेवणे. परिणाम चांगला झाला म्हणून प्रक्रिया न्याय्य ठरत नाही. आणि प्रक्रिया खुपली म्हणून परिणाम खोटा होत नाही. दोन्ही नोंदी एकाच पानावर ठेवाव्या लागतात.

१५/
रिकाम्या आसनासाठी ग्रोल यांनी टेलर हॉकिन्स यांना फोन केला, तो केवळ कोणाचे नाव सुचवता का, हे विचारण्यासाठी. हॉकिन्स तेव्हा अ‍ॅलनिस मॉरिसेट यांच्या दौऱ्यांत वाजवत होते आणि मॉरिसेट यांची लोकप्रियता त्या वेळी फू फायटर्सपेक्षा कितीतरी अधिक होती. हॉकिन्स यांनी स्वतःचेच नाव सुचवले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, क्वीन या बँडची गाणी ऐकत वाढलेला हा हसतमुख माणूस वृत्तीने गोल्डस्मिथ यांच्याहून वेगळा होता. ग्रोल यांच्या सावलीचे दडपण त्यांनाही जाणवत असे, पण त्यांनी ते बोलून दाखवले आणि मैत्रीत मुरवले.

१६/
ड्रमची जागा भरली, तर गिटारची रिकामी झाली. दौऱ्यांनी थकलेल्या पॅट स्मिअर यांनी निरोप घ्यायचे ठरवले. ४ सप्टेंबर १९९७ रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये एमटीव्ही पुरस्कार होते. त्या निमित्त बाहेर वादन चालू असताना, प्रत्यक्ष प्रक्षेपणात, स्मिअर यांनी आपण जात असल्याचे सांगितले, गिटार उतरवली आणि नव्या वादकाची ओळख करून दिली. पुढचे गाणे नव्या माणसाने वाजवले. तो नवा माणूस म्हणजे फ्रान्झ स्टाल, ग्रोल यांच्या कोवळ्या वयातील स्क्रीम बँडचे सहकारी. रॉकच्या इतिहासात इतके सभ्य आणि इतके सार्वजनिक हस्तांतरण विरळाच.

१७/
स्टाल यांचा शेवट मात्र तसा झाला नाही. दौऱ्यात सूर जुळत असले, तरी नवी गाणी घडवताना ते जुळेनात. १९९९ मध्ये त्यांना फोनवरून बाहेर पडण्यास सांगण्यात आले. दारिद्र्याच्या दिवसांतील मित्राला दूर करणे ग्रोल यांनाही जड गेले. उरले तिघे : ग्रोल, मेंडेल, हॉकिन्स. हे तिघे व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे ग्रोल यांच्या घराच्या तळघरात स्टुडिओ उभारून बसले आणि ‘देअर इज नथिंग लेफ्ट टू लूज’ हा अल्बम तयार झाला. २००१ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे ग्रॅमी मिळाले. या अल्बमच्या दौऱ्यासाठी चाचण्या घेऊन गिटारवादक ख्रिस शिफलेट यांची निवड झाली होती. ते आजही बँडमध्ये आहेत.

१८/
ऑगस्ट २००१ मध्ये लंडनमध्ये हॉकिन्स अमली पदार्थांच्या अतिसेवनाने कोसळले आणि काही काळ बेशुद्ध राहिले. एका मित्राला गमावलेला माणूस पुन्हा रुग्णशय्येपाशी बसला होता. हॉकिन्स वाचले. चौथ्या अल्बमचे काम मात्र रखडले. मोठा खर्च करून भरलेले ध्वनिमुद्रण सर्वांनाच निर्जीव वाटले. ग्रोल त्याच वेळी क्वीन्स ऑफ द स्टोन एज या बँडसाठी ड्रमवर बसले होते, त्यामुळे कटुता वाढली. एप्रिल २००२ मध्ये कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवापूर्वी बँड मोडण्याच्या बेतात होता. त्या रात्रीचे वादन रंगले, आणि जुने ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून काही दिवसांत ‘वन बाय वन’ नव्याने भरला गेला.

१९/
यानंतर सुमारे दोन दशके ड्रमचे आसन स्थिर राहिले. हॉकिन्स केवळ ठेका धरणारे उरले नाहीत. २००५ च्या ‘इन युअर ऑनर’ या दुहेरी अल्बममध्ये त्यांनी स्वतः लिहिलेले एक गाणे गायलेही. मैफलींत ते पुढे येऊन गात आणि ग्रोल मागे जाऊन ड्रम वाजवत. निर्वाणात ग्रोल यांना जी मोकळीक क्वचित मिळाली, ती त्यांनी आपल्या ड्रमवादकाला दिली होती. स्मिअर आधी पाहुणे म्हणून आणि पुढे पूर्ण सदस्य म्हणून परतले. कीबोर्डवादक रामी जॅफी २००५ पासून सोबत होते. २०१७ मध्ये तेही अधिकृत सदस्य झाले. चौघांचा बँड सहा जणांचा झाला. जाणाऱ्यासाठी परतीची वाटही मोकळी राहू शकते, हे स्मिअर यांच्या उदाहरणाने दाखवले.

२०/
२०११ मध्ये ‘वेस्टिंग लाइट’ आला. ग्रोल यांच्या घराच्या गॅरेजमध्ये, संगणक टाळून, जुन्या पद्धतीच्या चुंबकीय फितीवर तो भरला गेला. निर्माते होते ‘नेव्हरमाइंड’चे बुच व्हिग आणि एका गाण्यात पाहुणे म्हणून आले क्रिस्ट नोव्होसेलिच. बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला हा त्यांचा पहिलाच अल्बम. वीस वर्षे ज्या भूतकाळाची तुलना टाळली, त्याला त्यांनी आता घरात बोलावून चहा पाजला. त्याच वर्षी जेम्स मोल दिग्दर्शित ‘बॅक अँड फोर्थ’ हा माहितीपट प्रसिद्ध झाला. त्यात गोल्डस्मिथ आणि स्टाल या दोघांनीही कॅमेऱ्यासमोर बसून आपली बाजू सांगितली आहे.

२१/
हा माहितीपट वाचण्याची रीत बखर वाचण्याच्या रीतीसारखीच. बखर धन्याच्या आश्रयाने लिहिली जाते. तिच्यात तपशील भरपूर असतो, पण प्रसंगांचा क्रम आणि समारोप धन्याच्या सोयीचा असतो. ‘बॅक अँड फोर्थ’ तुलनेने उदार बखर आहे, कारण दुखावलेल्यांनाही तिच्यात बोलू दिले आहे. तरीही शेवटचा शब्द टिकून राहिलेल्यांचाच. म्हणून बखरीला कागदांची जोड हवी. बँडच्या इतिहासात असे कागद म्हणजे अल्बमची श्रेयनामावली, ध्वनिमुद्रणाच्या तारखा आणि त्या त्या काळातील मुलाखती. ‘पॉली’ची झांज आणि दुसऱ्या अल्बमचे ड्रम या दोन गोष्टी बखरीपेक्षा श्रेयनामावलीत अधिक स्पष्ट दिसतात, मग ती नोंद असो वा नोंदीचा अभाव.

२२/
१० एप्रिल २०१४ रोजी ब्रुकलिनमध्ये निर्वाणाचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. सन्मानितांच्या यादीत कोबेन, नोव्होसेलिच आणि ग्रोल ही तीनच नावे होती. चॅड चॅनिंग प्रेक्षकांत होते. ग्रोल यांनी व्यासपीठावरून त्यांचा उल्लेख केला आणि आपण वाजवलेले काही गाजलेले ठेके मुळात चॅनिंग यांचे होते, हे सर्वांसमक्ष सांगितले. तेवीस वर्षांनी का होईना, ऋणाची नोंद झाली. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी क्लीव्हलँडमध्ये पॉल मॅकार्टनी यांच्या हस्ते फू फायटर्सचाही तोच सन्मान झाला. यादीत सहा नावे होती. गोल्डस्मिथ आणि स्टाल ही दोन नावे त्यात नव्हती.

२३/
२५ मार्च २०२२. बँड दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. त्या रात्री कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील महोत्सवात वादन व्हायचे होते. त्याआधीच हॉटेलच्या खोलीत टेलर हॉकिन्स यांचा मृत्यू झाला. वय पन्नास. पुढील सारे दौरे रद्द झाले. नऊ दिवसांनी, ३ एप्रिलला, ‘मेडिसिन अ‍ॅट मिडनाइट’ या अल्बमसाठी बँडला तीन ग्रॅमी जाहीर झाली. त्यांत सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे पाचवे होते. स्वीकारायला कोणी आले नाही. त्याच वर्षी ग्रोल यांच्या आई व्हर्जिनिया यांचेही निधन झाले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्या शोकातून हा बँड जन्मला होता, तसाच शोक पुन्हा समोर उभा राहिला.

२४/
३ सप्टेंबर २०२२ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर श्रद्धांजलीची मैफल झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये दुसरी. हॉकिन्स यांच्या आसनावर त्या दिवशी एकाच माणसाला बसवले गेले नाही. एकामागून एक नामवंत ड्रमवादक आले. वेम्बलीवर ‘माय हिरो’साठी हॉकिन्स यांचा सोळा वर्षांचा मुलगा ड्रमवर बसला. हे तेच गाणे, ज्याचे ड्रम १९९७ मध्ये गोल्डस्मिथ यांच्याऐवजी ग्रोल यांनी वाजवले होते आणि पुढे पंचवीस वर्षे हॉकिन्स यांनी वाजवले. एका ठेक्याने किती हात पाहिले, याचा हिशेब त्या काही मिनिटांत उलगडला.

२५/
२ जून २०२३ रोजी ‘बट हिअर वी आर’ प्रसिद्ध झाला. तो हॉकिन्स आणि व्हर्जिनिया ग्रोल यांना अर्पण केलेला आहे. ‘द टीचर’ हे दहा मिनिटांचे गाणे शिक्षिका असलेल्या आईकडे निर्देश करते. ड्रम पूर्णतः ग्रोल यांचे. तीन अल्बम एका ओळीत ठेवून पाहावेत. १९९५ मध्ये ते ड्रमवर बसले, कारण सोबत कोणी नव्हते. १९९७ मध्ये बसले, कारण सोबत असलेल्याचे वाजवणे त्यांना पुरेसे वाटले नाही. २०२३ मध्ये बसले, कारण ज्याचे वाजवणे पुरेसे होते, तो उरला नव्हता. एकाच माणसाची एकच कृती. तिन्ही वेळी तिचा अर्थ निराळा.

२६/
मैफलींसाठी जॉश फ्रीझ आले. डिवो, नाइन इंच नेल्स, गन्स अँड रोझेस अशा अनेक बँडांसोबत वाजवलेले हे अनुभवी ड्रमवादक श्रद्धांजलीच्या मैफलींतही होते. मे २०२३ मध्ये त्यांच्यासह बँड रंगमंचावर परतला. दोन वर्षांनी, मे २०२५ मध्ये, बँडने आपल्याला मुक्त केले असून कारण सांगितलेले नाही, असे फ्रीझ यांनीच जाहीर केले. त्यांच्या जागी नाइन इंच नेल्सचे इलान रुबिन आले आणि फ्रीझ नाइन इंच नेल्सकडे परतले. दोन बँडांनी जणू ड्रमवादकांची अदलाबदल केली. १९९९ मधील स्टाल यांच्याप्रमाणेच याही वेळी जागा रिकामी करण्याचा निर्णय जाणाऱ्याचा नव्हता.

२७/
या तीस वर्षांत ग्रोल यांच्याखेरीज सलग टिकलेले एकमेव सदस्य नेट मेंडेल. सनी डे रिअल इस्टेट १९९७ मध्ये पुन्हा उभा राहिला, तेव्हा गोल्डस्मिथ तिकडे गेले, मेंडेल राहिले. बँड म्हणजे मित्रांची समान भागीदारी, ही चाहत्यांची आवडती समजूत. प्रत्यक्षात अनेक बँड एका संस्थापकाच्या इच्छेवर उभे असतात आणि बाकीचे किती काळ टिकतील, हे कौशल्याइतकेच स्वभावावर आणि योगावर ठरते. फू फायटर्सचे वेगळेपण एवढेच, की इथे संस्थापक स्वतः कधीकाळी दुसऱ्याच्या बँडमधील नवा ड्रमवादक होता. त्या जागेची असुरक्षितता त्याला ठाऊक होती. तरीही ती त्याच्याकडून इतरांच्या वाट्याला आलीच.

२८/
गोल्डस्मिथ यांचे काम पूर्णपणे पुसले गेले नाही. ‘द कलर अँड द शेप’ची सुरुवात ज्या ‘डॉल’ या छोट्या, हळुवार गाण्याने होते, त्यातील ड्रम त्यांचेच आहेत. ‘अप इन आर्म्स’च्या संथ आरंभातही तेच ऐकू येतात. ऐकणाऱ्याचे लक्ष पुढे येणाऱ्या गडगडाटाकडे असते, त्यामुळे ती दीड मिनिटे सहज निसटतात. हा अल्बम पुढच्या वेळी लावताना ती मुद्दाम ऐकावीत, आणि त्यानंतर ‘नेव्हरमाइंड’ लावून ‘पॉली’तील झांजेचे ते मोजके आघातही.

(समाप्त)